बसा, अजून एक रीळ आहे

फिल्म सोसायटीचा पडदा म्हणजे
कुलगोड सरांचं धुवट धोतर, चंदना माझ्या कानात म्हणाली,
आणि आक्कानं दोघींना एकाच चिमट्यात गप्प केलं.
सांगलीत, वखारभागातल्या शाळेचा हॉल,
खिडक्यांना काळी घोंगडी,
कपड्यांना हळदीचा वास असलेली चाळीसेक माणसं,
आणि मागे मिरजेचा शिकलगार, प्रोजेक्टरला तेल घालत.

अमेरिकेत एक आई होती.
रेल्वेलगत खाणावळ चालवायची.
मुलीनं पियानो शिकावा ही हौस तिलाच जास्त.
बाप होता, पण पाठमोरा.
त्या नटानं सबंध सिनेमा मानेनं केला:
नोकरी गेली हे आम्हाला कळलं ते
त्याच्या कॉलरच्या वर, दोन बोटं जागेत.

सर मधूनमधून मराठीत सांगायचे,
"आई म्हणते, पियानो विकलेला नाही, दुरुस्तीला गेलाय."
मग सरही सांगायचे थांबले.
कुणी आठवण केली नाही.

शेवटी स्टेशन. वाफ. मुलगी उतरते.
आई तिच्याकडे धावत नाही.
हातमोज्याचं बटण लावत राहते,
लागत नाही, लागत नाही,
मुलगी येते आणि ते लावून देते.
बस, एवढंच.
शेजारच्या मगदूमवहिनी हुंदके देऊन रडल्या.
इंग्रजीत समाप्त उमटलं,
लोक उठले, अंधारात चपला चाचपू लागले,
आणि शिकलगार मागून ओरडला,
"बसा, बसा! अजून एक रीळ आहे!"

मधलं रीळ डब्यातच राहिलं होतं.

खाणावळीच्या दिवाणखान्यात आता पियानो नव्हता.
गालिच्यावर चार खळगे, त्याच्या पायांचे.
मुलगी एका खळग्यात टाच रोवून उभी राहिली
आणि हनुवटी वर करून असं काही बोलली
की सरांनी खाली बघितलं.
आईनं थोबाडीत मारली.
मग मुलीकडे नाही, स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली,
तव्याचा चटका बसावा तशी.
मुलगी गेली. दार उघडंच.
बाप दाराकडे वळला, आता चेहरा दिसणार,
तेवढ्यात रीळ संपलं.
धोतरावर नुसता पांढरा उजेड
आणि फितीची फडफड.

गणपती पेठेतून चालत घरी येताना आक्का म्हणाली,
"ती बाई रडली नाही, म्हणून मगदुमीणीला रडावं लागलं."
मी म्हटलं, "पण रीळं उलटी लावली होती ना?"
"कशाची उलटी? आधी गळ्यात पडतात,
मग पियानो आठवतो."

आप्पा गेले तेव्हा चंदना इचलकरंजीहून आली,
स्टँडवरच आक्काच्या गळ्यात पडली.
मला वाटलं, झालं. चपला शोधाव्यात.
मग वाटणीचा कागद निघाला, मग शिलाई मशीन.
आक्कानं ते कधी विकलं, कुणाला, कितीला,
आणि कुणाच्या फीसाठी (माझ्या).
शहाबादी फरशीवर गंजाचे चार डाग,
चंदना त्यांच्या मधोमध.
हनुवटी.
आक्काचा हात उठला नाही.
उठला असता तर बरं, असं अजून वाटतं.

पुराच्या वर्षी कमरेएवढा चिखल आला घरात.
फरशी काथ्यानं घासघासून धुतली मी.
डाग आहेत तिथेच आहेत.

चंदनाचा मुलगा येतो अधूनमधून, आईला न सांगता.
परवा त्यानं लॅपटॉपवर तो सिनेमा शोधून दिला,
नीट, क्रमानं.
बापाचा चेहरा दिसला. साधाच होता,
आमच्या तलाठ्यासारखा.
मुलगी गेली, दिवस गेले, स्टेशन आलं,
बटण लागलं. समाप्त.

आक्का पंच्याऐंशीची, ऐकू कमी येतं.
पोरगा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "संपला, आज्जी."
आक्का उठेना.
"शिकलगाराला विचार," म्हणाली.